साइक्स, साइक्स आणि आणखी एक साइक्स : एका आडनावाची वस्ती

पावसाळी_चष्मा

मंडळी, जरा विचित्र प्रश्न आहे, हसू नका.

मी इंग्लंडात हडर्सफील्डला राहते. वेस्ट यॉर्कशायर, पेनाइन डोंगरांच्या पूर्वेकडचा उतार, वर्षाचे बारा महिने चष्म्यावर थेंब. एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, पेशंटला हाक मारायची. गेल्या मंगळवारी ‘मिस्टर साइक्स’ अशी हाक मारली आणि तीन जण उठले! तिघं एकमेकांकडे बघून हसले. त्यातले सगळ्यात म्हातारे आजोबा म्हणाले, पोरी, या खोऱ्यात नुसत्या आडनावाने हाक मारून भागायचं नाही. बरं, तिघं एकमेकांचे कुणी लागत नव्हते. निदान त्यांना तरी तसं माहीत नव्हतं.

तेव्हापासून मला जिकडेतिकडे साइक्सच दिसताहेत. प्लंबरच्या गाडीवर साइक्स, खाटकाच्या पाटीवर साइक्स. रविवारी स्लेथवेटला गेलो होतो (इथले लोक ‘स्लाविट’ म्हणतात, पहिले सहा महिने मी बसमध्ये पूर्ण उच्चार करून हसं करून घेतलं). तिथे चर्चच्या आवारात गिरण्यांच्या धुराने काळे पडलेले थडग्यांचे दगड आहेत. मी त्यावरचे साइक्स मोजायला लागले. अकराव्यावर नवरा म्हणाला, आता चल, लोक बघताहेत.

तर प्रश्न असा: साइक्स म्हणजे मुळात काय? आणि हे सगळे एकाच बाप्याचे वंशज, की एकाच खोऱ्यातल्या वेगवेगळ्या लोकांना योगायोगाने एकच नाव चिकटलं?

कोकणी_कासव

तीन साइक्स एका खोलीत? नकाशा लपवा. एकट्या साइक्सने (इंग्रज मुत्सद्दी मार्क साइक्स) फ्रेंच मुत्सद्दी पिकोला हाताशी धरून १९१६ मध्ये अख्खा मध्यपूर्व रेघा मारून वाटला होता.

मिरचीचा_ठेचा

+१. दवाखान्यातल्या पट्ट्या आणि पेन्सिली कुलपात ठेवा.

शब्दवेडा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जुन्या इंग्रजीत ‘सीक’ आणि तिकडे येऊन राहिलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत जवळजवळ तसाच शब्द. अर्थ: लहानसा ओहोळ, पाणथळ चर. मोठा वाहता ओढा नव्हे. पावसात वाहणारा, उन्हाळ्यात नुसता ओला राहणारा, बऱ्याचदा दोन शेतांची किंवा दोन गावांची हद्द सांगणारा. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडमध्ये ‘साइक’ हा शब्द अजून जिवंत आहे. तुमच्या भागाचा मोठ्या मापाचा नकाशा काढा, डोंगराच्या प्रत्येक सुरकुतीवर कुठला ना कुठला ‘साइक’ लिहिलेला सापडेल.

त्या ओहोळापाशी राहणारा तो साइक्स. जुन्या कागदांत ‘डेल सिक’, ‘डेल साइक्स’ असं येतं, म्हणजे ‘ओहोळाकडचा’. पुढे ‘डेल’ गळालं. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा असेल किंवा षष्ठीचा. ब्रुक्स, वेल्स या आडनावांनाही असाच ‘स’ आहे.

डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला तो क्रूर बिल साइक्स आठवतो? तोही हाच. फक्त स्पेलिंगात ‘वाय’च्या जागी ‘आय’.

भीमाकाठचा

अहो थांबा. आमचं आडनाव ओव्हाळ. आमची आजी सांगायची की आपलं घर ओहोळाच्या काठाला होतं म्हणून हे नाव. खरंखोटं आजीला माहीत. पण या हिशोबाने मी वेस्ट यॉर्कशायरचा साइक्स झालो की! व्हिसाचं बघा आता कुणीतरी.

कोकणी_कासव

भीमाकाठचा, ओहोळ सुकला तर व्हिसाही रद्द होईल, जपून.

जुना_पेठकर

शब्दवेडांनी अर्थ सांगितला, पण कळीचा मुद्दा सुटला: ही नावं पक्की कधी झाली?

नॉर्मन राजवट आली १०६६ मध्ये. त्यानंतर आधी जहागीरदारांची आणि दक्षिणेतल्या लोकांची आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली. उत्तरेत, त्यातही डोंगराळ भागात, ते सगळं उशिराने झालं. तेराव्या-चौदाव्या शतकातही तिथल्या माणसाचं नाव त्याच्यापुरतंच असायचं. बाप ‘ओहोळाकडचा’, मुलगा दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की ‘कड्याकडचा’. मग कुठेतरी ते गोठतं.

वेस्ट रायडिंगच्या (यॉर्कशायरचा जुना पश्चिम विभाग, हडर्सफील्ड त्यातच) बाबतीत संशोधकांचं नशीब थोर. १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्या शाबूत आहेत. गावागणिक, माणसागणिक नावं आणि प्रत्येकाने भरलेली पट्टी. साधा कुणबी चार पेन्स. त्या यादीत नाव सापडलं की त्या काळी ते कुठल्या गावी होतं हे कळतं.

संथ_वाहते

डोईपट्टीमुळे पुढे १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव झाला ना? ज्या कराने लोक पेटले, त्याच कराच्या याद्यांवर आज त्यांचे वंशज आपलं मूळ शोधतात. सरकारी दप्तराची गंमतच आहे.

पेशीकेंद्र

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पावसाळी_चष्मा ताई, तुम्ही नेमक्या त्या आडनावावर बोट ठेवलंत ज्यावर या विषयातला पहिला गाजलेला प्रयोग झाला!

ऑक्सफर्डला ब्रायन साइक्स नावाचे आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक होते (२०२० मध्ये वारले). तेव्हा औषध कंपनीचे प्रमुख असलेले सर रिचर्ड साइक्स हे दुसरे. दोघांचं आडनाव एक, तेव्हा आपण नातेवाईक का, हा प्रश्न आलाच. ब्रायन साहेबांच्या लक्षात आलं की हे तपासता येईल. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं. इंग्लंडात आडनावही तसंच जातं. म्हणजे दोन्ही एकाच वाटेने चालतात.

त्यांनी वेस्ट रायडिंग, लँकेशायर आणि चेशायरमधल्या साइक्स आडनावाच्या पुरुषांना पत्रं पाठवली. ४८ जणांच्या वाय गुणसूत्रावरच्या चार खुणा (ठरावीक जागा, ज्या माणसागणिक वेगळ्या असू शकतात) तपासल्या. निकाल २००० साली छापला. जवळजवळ निम्म्या लोकांच्या चारही खुणा तंतोतंत एक! आणि तो संच त्याच भागातल्या इतर आडनावांच्या माणसांत सापडला नाही, बाकी ब्रिटनच्या नमुन्यांतही नाही. ब्रायन साहेब स्वतः त्याच निम्म्यात निघाले.

तोवर आडनावांच्या अभ्यासकांचा समज असा होता की ओहोळ हजार, तेव्हा साइक्स घराणी अनेक. गुणसूत्र म्हणालं, आजच्या साइक्स लोकांचा मूळपुरुष एकच असावा.

मिरचीचा_ठेचा

आणि उरलेले निम्मे? दुधवाला?

पेशीकेंद्र

वाटच बघत होतो, हा विनोद कोण करतंय याची :)

उरलेल्यांत दत्तक मुलगे आले. बायकोचं आडनाव घेतलेले घरजावई आले. विधवा आईबरोबर सावत्र बापाच्या घरी गेलेली मुलं आली. लग्नाआधी झालेली आणि आईच्या आडनावाने वाढलेली मुलं आली. तुमचा दुधवालाही आहेच त्यात. पण लेखकांनी हिशोब मांडला तो असा की ७०० वर्षांत अशी सरमिसळ पिढीमागे साधारण १.३ टक्के. सातशे वर्षांची गळती म्हणून बघा, एका पिढीचं चारित्र्य म्हणून नव्हे. माझ्या मते तो आकडा थोडाच आहे.

तर्कट

माफ करा, पण या प्रयोगाचं इतकं कौतुक ऐकलं की माझ्या कपाळावर आठी येते.

फक्त चार खुणा. आज हौशी लोकसुद्धा घरबसल्या ३७ नाहीतर १११ खुणा तपासून घेतात. चार खुणा जुळणं म्हणजे दोन माणसांची जन्मतारीख, उंची, चष्म्याचा नंबर आणि चपलेचं माप जुळणं. बहुधा तोच माणूस असेल. पण कोर्टात टिकणार नाही.

शिवाय तो १.३ टक्का मुळात ‘मूळपुरुष एकच’ असं धरूनच काढलेला. उरलेल्यांत दुसऱ्या ओहोळावरचे अस्सल साइक्स असतील तर ते सरमिसळीत का मोजायचे? त्यांच्या आजीच्या चारित्र्यावर संशय कशाला?

पेशीकेंद्र

तर्कट, चपलेचं माप आवडलं. आक्षेप रास्त आहे, १.३ हा आकडा गृहीतकावर उभा आहे हेही मान्य. पण एक गोष्ट तुम्ही बाजूला ठेवताय: तो संच त्याच गावच्या बिगर-साइक्स लोकांत नाही. खुणा चारच असल्या तरी शेजाऱ्यांत एकही जुळत नाही आणि आडनावबंधूंत निम्मे जुळतात, हे आपोआप होत नाही.

आणि पुढे कामही झालं. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावं आणि १,६७८ पुरुष घेऊन जास्त खुणांवर हाच प्रश्न तपासला, २००९ मध्ये. दुर्मीळ आडनाव असेल तर बहुतेक लोक एकाच रक्ताचे. ॲटनबरो घ्या. नॉटिंगहॅमशायरमधल्या त्याच नावाच्या एका खेड्यावरून आलेलं नाव, बहुसंख्य एकाच मूळपुरुषाचे. स्मिथ घ्या. लोहार प्रत्येक गावात, त्यामुळे दोन स्मिथ म्हणजे रस्त्यावरचे कुणीही दोन इंग्रज. साइक्सची गंमत हीच की अर्थ स्मिथसारखा, ‘कुठेही सापडेल असा ओहोळ’, आणि वागणूक ॲटनबरोसारखी.

संभाव्यता

ती वागणूक गणिताने समजते. मी पंधरा वर्षं हे शिकवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये एक कोडं टाकलं: थोरामोठ्यांची आडनावं नाहीशी होत चालली आहेत, यात त्यांचा काही दोष की नुसता योगायोग? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने उत्तर काढलं आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध छापला. आज ते गणित केंद्रकाच्या साखळी विखंडनालाही लागू होतं आणि रोगाच्या साथीलाही. सुरुवात मात्र आडनावांपासून.

कल्पना करा, १३०० च्या सुमारास त्या डोंगरात चाळीस कुटुंबं चाळीस ओहोळांपाशी राहतात आणि सगळ्यांना साइक्स नाव चिकटलंय. (चाळीस हा आकडा समजुतीसाठी, कुणी यादी मागू नये.) नाव चालायला मुलगा हवा. कुणाला एकही मुलगा नाही, कुणाला एकच आणि तो लहानपणी गेला, कुणाला चार. पहिल्याच पिढीत चाळीसातली बरीच नावं विझतात. दुसऱ्या पिढीत आणखी. वर १३४८-४९ ची प्लेगची मोठी साथ, जिने काही गावांत निम्मी माणसं नेली. पाच-सहा पिढ्या गेल्या की एखाददुसरं घराणं उरतं. ते सशक्त होतं म्हणून नव्हे. फाशांचं दान तसं पडलं म्हणून. आणि जे सुरुवातीच्या खाचखळग्यांतून सुटतं ते पुढे वाढतच जातं.

म्हणजे कागदपत्रं म्हणतात ‘अनेक साइक्स’ आणि गुणसूत्र म्हणतं ‘एक साइक्स’, दोन्ही खरं असू शकतं. सुरुवातीला अनेक, शेवटी एक.

ता.क. वॉटसनच्या उत्तरात घोडचूक होती. त्याच्या हिशोबाने लोकसंख्या वाढत असली तरी प्रत्येक आडनाव शेवटी मरणारच. समीकरणाला दोन उत्तरं होती, त्याने एकच पाहिलं. माझे विद्यार्थी दरवर्षी तीच चूक करतात तेव्हा मी त्यांना सांगतो, काळजी नको, तुमच्या नावाचा सिद्धांत होईल.

शब्दवेडा

दंडवत. वाचनखूण साठवली.

संथ_वाहते

संभाव्यता सर, विझणं कळलं. पण एकाच खोऱ्यात इतकं फोफावणं? वाढले तर पांगायला हवे होते.

यॉर्कशायर_पुडिंग

मी ब्रॅडफर्डला वीस वर्षं आहे, याचं उत्तर मी देतो. कारण एका शब्दात: लोकर.

या डोंगरात शेती म्हणजे थट्टा. ओट्स जेमतेम, बाकी मेंढ्या. नुसत्या शेतीवर मुलं जगली नसती, तरुण पोरं खाली सपाटीला गेली असती. पण प्रत्येक घरात माग होता. स्लेथवेट, मार्सडेन, गोल्कारकडची जुनी दगडी घरं बघा, वरच्या मजल्यावर ओळीने खिडक्याच खिडक्या. तिथे माग असायचा, उजेड हवा म्हणून. चार-सहा एकरांचा तुकडा, एक गाय, एक माग. एवढ्यावर धाकट्या मुलालाही लग्न करून वेगळी चूल मांडता यायची. तो गावातच राहिला, त्याची मुलंही गावातच.

पुढे गिरण्या आल्या. इंग्लंडच्या इतर खेड्यांतली माणसं कामासाठी शहरात गेली. इथे काम खेड्यात चालत आलं. जायचं कशाला? १८८१ च्या जनगणनेवरून आडनावांचे नकाशे केले आहेत. त्यात साइक्स टाका, हडर्सफील्डभोवती गडद डाग, आणि बाहेर जाल तसं फिकट. आजच्या नकाशातही डाग तिथेच आहे.

हे फक्त साइक्सचं नाही हं. थोडं उत्तरेला काल्डर खोऱ्यात जा, तिथे सटक्लिफ आणि ग्रीनवुड भेटतील. खोरं बदललं की पाट्या बदलतात.

कोकणी_कासव

काम चालत आलं तेव्हा सगळ्यांनी आरतीच केली असं नाही. १८१२ मध्ये याच मार्सडेन-हडर्सफील्ड भागात लडाइट लोकांनी (यंत्रांमुळे पोटावर पाय येतो म्हणून चिडलेले कारागीर) कापड कातरणारी यंत्रं घणाने फोडली. गंमत म्हणजे यंत्रं बनवणारा लोहार आणि ती फोडणारा घण यांचं नाव एकच, ‘ईनक’. कारण घणही त्याच लोहाराकडचे.

यॉर्कशायर_पुडिंग

बरोबर. मार्सडेनमध्ये अजून सांगतात.

डोंगरापलीकडचा मुद्दा राहिला. पेनाइन्स ओलांडले की लँकेशायर. विनोदी नट एरिक साइक्स ओल्डमचा, १९२३ चा जन्म. टीव्हीवरची मेलनी साइक्स ॲश्टन-अंडर-लाइनची. नकाशावर ठेवा, दोन्ही गावं हडर्सफील्डहून डोंगर उतरलं की पहिल्या टप्प्यावर. लोक पांगले, पण कालव्याच्या आणि रेल्वेच्या वाटेने, शेजारच्या गिरणीपर्यंत.

माळढोक

अवांतर, पण राहवत नाही. पक्षी बघणाऱ्या मराठी माणसाला साइक्स हे नाव यॉर्कशायरला जायच्या आधीच पाठ असतं!

कर्नल विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, वडील यॉर्कशायरमधल्या फ्रायझिंग हॉलचे. कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ मध्ये खडकीच्या आणि पुण्याच्या लढाईत देशी शिपायांच्या तुकडीवर होता, म्हणजे आपल्या पेशवाईच्या शेवटाला हा समोरच्या बाजूने हजर. नंतर सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. गावं, पिकं, जमीनधारा, पाऊस, सगळं लिहून काढताना पक्षी-प्राणीही टिपले. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ ची. सासवडकडच्या खडकाळ माळावर डोक्यावर तुरा असलेला, छातीला तांबूस झाक असलेला छोटा चंडोल दिसतो ना, तो इंग्रजीत ‘साइक्सचा चंडोल’. शास्त्रीय नावात मात्र याने ‘देवा’ घातलं. वटवट्या आणि रातवा यांच्यातही एकेक जात त्याच्या नावाची. आपल्या रानकुत्र्याला त्याने शास्त्रीय नाव दिलं ‘कॅनिस दुखुनेन्सिस’, दुखुन म्हणजे दख्खन, आणि त्याच नोंदीत ‘मराठ्यांचा कोळसून’ असंही लिहून ठेवलं. आफ्रिकेतल्या एका माकडालाही त्याचंच नाव आहे.

मिरचीचा_ठेचा

चंडोल, रातवा, कुत्रा, माकड. तिकडे माणसं साइक्स, इकडे जंगल साइक्स.

सोलापुरी_चादर

पक्ष्यांचा साइक्स ठीक आहे. आम्हा सोलापूरकरांना दुसरा आठवतो.

सर फ्रेडरिक साइक्स, मुंबई इलाख्याचा गव्हर्नर, १९२८ ते १९३३. मुळात विमानदलातला माणूस. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. गांधी टोपी घातली म्हणूनसुद्धा लोकांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तेव्हा गव्हर्नर हा साइक्स. आजोबा गिरणीत जॉबर होते, ते हे नाव उच्चारताना मध्ये थांबायचे. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी अजून दर १२ जानेवारीला फुलं वाहतात.

गिरणगावच्या माणसांना गिरणगावातल्या आडनावाची आठवण राहावी, एवढंच. हा साइक्स मात्र लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये जन्मलेला.

जुना_पेठकर

चादर, बरं झालं लिहिलंत.

तर्कट

विषय वाकडा न करता एक. मध्यपूर्ववाला मार्क साइक्स हा हडर्सफील्डचा नव्हे. तो पूर्व यॉर्कशायरमधल्या स्लेडमिअरच्या सरदार घराण्यातला. पूर्वज लीड्सचे आणि हलचे व्यापारी. १९१९ मध्ये पॅरिसला शांतता परिषदेच्या वेळी इन्फ्लुएन्झाने गेला. शिशाच्या पेटीत पुरला होता. विषाणूचे नमुने मिळतील म्हणून २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी कबर उघडली. म्हणजे साइक्स मंडळी जिवंत असोत वा मेलेली, प्रयोगशाळा त्यांचा पिच्छा सोडत नाही.

निळी_शाई

अमेरिकेतल्या साइक्स लोकांबद्दल कुणी बोललंच नाही. मी व्हर्जिनियात राहते. विनोदी नटी वांडा साइक्स इथलीच, पोर्ट्समथ गावची. ब्लूज वाजवणारा रूझवेल्ट साइक्स आर्कान्सामधला, १९०६ चा. दोघंही कृष्णवर्णीय. इथे ‘आडनाव आणि वाय गुणसूत्र एकाच वाटेने’ हे गणित कोलमडतं. गुलामीतून सुटल्यावर कुणी जुन्या मालकाचं नाव ठेवलं, कुणी आवडलेलं घेतलं, कुणाला कारकुनाने दिलं. नाव यॉर्कशायरच्या ओहोळाचं, रक्त आणखी कुठलं.

पेशीकेंद्र

निळी शाई, अगदी. आणि उलटंही होतं. याच लेस्टरच्या मंडळींनी यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाचे १८ पुरुष तपासले (२००७). त्यातल्या सात जणांचं वाय गुणसूत्र निघालं पश्चिम आफ्रिकेत सापडणाऱ्या अतिशय जुन्या शाखेचं. सगळे गोरे, कुणाला गंधवार्ता नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणी आफ्रिकी पुरुष इंग्लंडात आला, त्याची मुलं तिथलीच झाली, चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. गुणसूत्र तेवढं राहिलं.

भीमाकाठचा

मला आता आमच्या ओहोळाची भीती वाटायला लागलीय. काय काय वाहून आलं असेल त्यातून.

आजोळ_साताऱ्याला

एक साधा प्रश्न. गावात दीडशे साइक्स, त्यात पंधरा जॉन. पोस्टमन काय करायचा?

यॉर्कशायर_पुडिंग

यावर इथला पारंपरिक उपाय आहे, आणि तुम्हाला तो ओळखीचा वाटेल. आडनाव घ्यायचंच नाही! ‘जॉन ओ’ बिल्स ओ’ टॉम्स’. टॉमच्या बिलचा जॉन. कधी चार-चार पिढ्यांची माळ लागायची. सॅडलवर्थच्या माळावरची एक खानावळ ‘बिल्स ओ’ जॅक्स’ या नावानेच प्रसिद्ध होती. आडनाव फक्त चर्चच्या वहीत आणि पगारपत्रकावर.

आजोळ_साताऱ्याला

म्हणजे आमच्याकडचा ‘म्हादाच्या गणूचा रामा’. सातशे वर्षं आडनाव कमावलं आणि शेवटी गाडी पुन्हा बापाच्या नावावर.

पावसाळी_चष्मा

बाप रे, मी चार दिवस इकडे फिरकले नाही तर एवढं! सगळ्यांचे आभार, चादर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आता माझा वृत्तांत.

त्या दिवशीचे म्हातारे साइक्स आजोबा काल दातांची कवळी घ्यायला आले. मी त्यांना विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ माहीत आहे का? म्हणाले, माहीत काय विचारतेस, दाखवतो. आज सकाळी नवऱ्याला घेऊन गेले. स्लाविटच्या वर, शेवटचं घर आणि दगडी भिंत ओलांडली की मेंढ्यांचं कुरण. आजोबा काठीने गवत बाजूला सारत चालले होते. एका ठिकाणी थांबून काठी खाली रोवली, ती वीतभर आत गेली आणि बुडबुडे आले. मला काही दिसेना. लव्हाळ्याची एक गडद हिरवी रेघ, बाकी कुरणापेक्षा जरा खोलगट, उतारावरून वाकडीतिकडी खाली जाणारी. कान दिला तेव्हा आवाज आला. पाणी होतं, गवताखालून. रुंदी माझ्या दोन पावलांएवढी. पाणी तपकिरी, चहासारखं, कुजलेल्या मातीतून येतं म्हणून. एका बाजूच्या मेंढ्यांच्या पाठीवर निळा ठिपका, दुसऱ्या बाजूच्या लाल. म्हणजे हद्द अजून चालू आहे.

मी म्हटलं, म्हणजे हेच तुम्ही. आजोबा हसले.

मग मी तुमची सगळी विद्या पाजळली. ४८ पुरुष, चार खुणा, एक मूळपुरुष. विचारलं, तुम्ही तपासून घेणार का? लाळ काडीवर घेऊन पाठवायची असते फक्त. आजोबा म्हणाले, पैसे फुकट जातील. त्यांच्या आजोबांची आई गिरणीत कामाला होती. तिला लग्नाआधी मूल झालं. वहीत बापाच्या जागी रेघ आणि मुलाला तिचं नाव, साइक्स. तेच मूल म्हणजे त्यांचे आजोबा. बाप कोण ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. ‘माझं साइक्सपण सगळं तिच्याकडून आलंय,’ म्हणाले, ‘आणि ते तुमच्या काडीवर येत नाही.’

पेशीकेंद्र, तुमच्या उरलेल्या निम्म्यातला एक सापडला.

तर्कट

आणि त्या ४८ मध्ये ते असते तर १.३ टक्क्यात ‘सरमिसळ’ म्हणून मोजले गेले असते. आईकडून अस्सल साइक्स असताना! मी हेच म्हणत होतो.

पेशीकेंद्र

तर्कट, हा मुद्दा तुमचा. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

आजोळ_साताऱ्याला

ताई, मग आता दवाखान्यात हाक कशी मारता?

पावसाळी_चष्मा

आज दुपारी ‘मिस्टर साइक्स, वरची कवळी’ असं म्हणून पाहिलं. दोघे उठले.